मंजूर झालेली गोष्ट

"स्क्रिप्ट कुठाय?" सुपरिंटेंडंट साहेबांनी विचारलं.

"साहेब, गोष्ट तोंडी सांगायची असते."

"मग तुम्ही लिहून काढा. बाहेर रोज मोर्चे निघतायत. आपल्या स्टेजवरून कोण काय बोलेल, त्याला जबाबदार कोण? तुम्ही की मी?"

मी प्रोबेशनवर होतो. "लिहितो, साहेब," म्हणालो.

डिलाईल रोडवरच्या कामगारांच्या एका केंद्रात मी ऑर्गनायझर होतो. कॅरम, शिवणवर्ग, भजनस्पर्धा हे आमचं काम. दर महिन्याला गोष्टी सांगण्याचा एक तास सुरू व्हावा, हा माझा ध्यास होता. रविवारी सकाळी ट्रायल ठरली. ती नीट झाली तर मंजुरी मिळणार होती.

त्यासाठी मी भिकाजीला गाठलं. गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर. माणूस मालवणकडचा, अंगठेबहाद्दर, पण गोष्ट सांगायला बसला की सगळी चाळ गॅलरीत जमायची. त्याची एक गोष्ट ठरलेली होती. गावचा खोत विहिरीची वाट अडवतो आणि गाव ती सोडवून घेतं. खोत आला की भिकाजी थांबून विचारायचा, "ह्यो खोत दिसता कसो?" लोक उत्तर द्यायचे. कधी जॉबरचं नाव निघे. जॉबर म्हणजे गिरणीत माणसं लावणारा मुकादम. त्या दिवसांत मराठी राज्याला मुंबई द्यायला नकार देणाऱ्या मंत्र्यांची नावं निघत. हशा पिके, आणि पुढची गोष्ट त्याच तोंडाच्या खोताची होई.

स्क्रिप्टमधून मी ते सगळे प्रश्न उडवले. तीन प्रती टाइप केल्या, शिक्का मारून घेतला. पहिली पाळी सुटली की भिकाजी केंद्रात यायचा. मी वाचायचो, तो पाठ करायचा.

एकदा म्हणाला, "सायबानू, हय लोकांका इचारूचा नाय?"

"नाही."

"मगे ते काय करतले?"

"ऐकतील."

तो पुढची ओळ पाठ करायला लागला. मला तेव्हा ते बरंच वाटलं.

रविवारी हॉल भरला. साहेब पहिल्या रांगेत, मांडीवर स्क्रिप्ट, हातात पेन्सिल. खोत आला तसा भिकाजी सवयीनं थांबला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, इचार मरे!" भिकाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदावर बोट ठेवलं. तो पुढे गेला. शेवटपर्यंत कुणी हसलं नाही, आणि दोन-चार बायका मधेच उठून गेल्या.

"गुड! एक शब्द इकडचा तिकडे नाही," साहेब म्हणाले.

मंजुरी आली. पत्र घेऊन मी उड्या मारत भिकाजीच्या खोलीवर गेलो. त्यानं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, घडी घालून परत माझ्या हातात दिलं.

"माका नको, सायबानू. काल चाळीत सांगूक बसलंय, तर तोंडात तुमचो कागदच येता. माजी गोष्ट खय गेली, माका गावना नाय."

मला वाटलं, महिन्याभरात येईल ताळ्यावर. तो आला नाही. पुढे चाळीतल्या लोकांनीही त्याला आग्रह करणं सोडलं.

मी प्रोबेशन संपून पर्मनंट झालो. तो तास मी बरीच वर्षं चालवला, चांगले चांगले सांगणारे आणले. वरून स्क्रिप्ट मागितली, की गोष्टीचं नाव आणि वेळ लिहून पाठवत असे आणि गप्प बसत असे. कधी कुणी जाब विचारला नाही. पहिल्यांदाही बहुतेक विचारला नसता.