माणूस असल्याची साक्ष

"ओ साहेब, उठ. तू मानूस न्हायस."

तळमजल्यावरचे दादा अंगणातून ओरडत होते आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, आरामखुर्चीत, होडी वल्हवत होतो. स्वप्नात भाईंदर पश्चिमेला पाणी भरलं होतं, पण कुणाची तक्रार नव्हती. बायका खिडकीतून टोपली सोडून मासे घेत होत्या, रिक्षा हळूहळू तरंगत स्टेशनकडे निघाल्या होत्या. त्या पाण्यावरून ही हाक आली. दादांचा आवाज असा आहे, की त्यांनी हाक मारली तर उत्तनच्या होड्या अर्ध्या समुद्रातून परत फिरतात. निदान एक तरी फिरलेली मी पाहिलीय.

"काय झालं दादा?" मी कठड्यावरून वाकून विचारलं.

"तुज्या त्या गुरुपमदी ठरलाय. तू मशीन हायस. मी आत्ताच आयकला."

आमची सोसायटी ज्या भातशेतीवर उभी आहे, ती शेती दादांच्या घरची. पलीकडची मिठागरंही त्यांच्या वडिलांनी राखलेली. आता दादा दोन गाळे भाड्यानं देऊन दिवसभर खुर्ची टाकून अंगण राखतात. चष्मा लावायचा त्यांना मनस्वी कंटाळा, म्हणून त्यांचा मोबाईल सगळे मेसेज मोठ्यानं वाचून दाखवतो. त्यामुळे आमच्या अंगणात दुपारभर एक बाई, जिला कधी धाप लागत नाही की शिंक येत नाही, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यावरची चर्चा वाचत असते. मांजरं ऐकत झोपतात. दादा मधूनमधून तिला उत्तर देतात. ती ऐकून घेत नाही, पुढे वाचत राहते, आणि दादा म्हणतात, "आमच्या घरातलीच वाटते."

दादांना त्या ग्रुपमध्ये मीच घेतलं होतं. तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर मराठीत बोलणाऱ्यांचा तो ग्रुप. आज कुठल्या देशानं काय नियम केला, कुठल्या यंत्रानं कुणाच्या आवाजात फोन करून कुणाला फसवलं, नियम करावा की करू नये. मी निवृत्त झाल्यावर तिथे शिरलो आणि एका आठवड्यात तिथला अर्धा ऐवज माझा झाला. नोकरीत असताना डबा खाताना माझ्याभोवती माणसं जमायची, गोष्ट ऐकता ऐकता फायलींवर धूळ बसायची. आता घरी एकच श्रोता उरला होता, आणि आमची ही माझ्या गोष्टींचे शेवट माझ्याआधी सांगते. ग्रुप गेला असता तर मी कुणाला काय सांगणार होतो? मांजरांना?

ग्रुपमध्ये मी कडक नियमांच्या बाजूचा. यंत्रानं लिहिलेल्या मजकुरावर तसा शिक्का हवा, शिक्का न मारता टाकेल तो बाहेर, हा नियम मीच लावून धरला. ग्रुप चालवणाऱ्या ताई, सिल्व्हर पार्कला राहतात, सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्या म्हणाल्या होत्या, "आणि हे यंत्राचं नाहीच, असं एखादा म्हणाला तर?" मी जोरात होतो. लिहिलं, "जे यंत्र बनवू शकतं, ते पुरावा म्हणून चालणार नाही. आवाज नाही, फोटो नाही, व्हिडिओ नाही. घरच्यांची साक्षही नाही." टाळ्यांच्या चिन्हांची रांग लागली. त्या रांगेत मी बराच वेळ आंघोळ केली.

मग परवा कुणीतरी विचारलं की नियम नेमका किती घट्ट असावा. मी मिठागराचं उदाहरण दिलं. खाडीचं पाणी सगळं आत घेतलं तर आगर बुडतं, अजिबात नाही घेतलं तर मीठ पिकत नाही. सगळं बांधातल्या त्या छोट्या दाराशी असतं, आणि दार कधी उचलायचं हे जाणणाऱ्या माणसाशी. इथपर्यंत थांबायला हवं होतं, पण हात वाहता झाला होता. पुढे लिहिलं की आमच्याकडे असा एक माणूस होता, ज्याला झोपेत भरती ऐकू यायची. पाणी अजून उत्तनला असतानाच तो उठून बसायचा. पौर्णिमेला तर त्याला पाण्यातल्या चांदण्याचाही आवाज यायचा, आणि त्या रात्रीचं मीठ जरा गोडसर लागायचं.

ग्रुपमध्ये एकजण आहे, फोटोच्या जागी मावळता सूर्य लावलेला. त्यानं लिहिलं, "हे यंत्राचं लिखाण आहे. इतक्या आत्मविश्वासानं इतकं खोटं माणूस लिहीत नाही." कुठल्याशा तपासणीच्या साइटवर त्यानं माझा मजकूर टाकला, तिनंही मान डोलावली. मी झोपलो होतो तेवढ्यात ग्रुप जागा होता.

मी ताबडतोब बोलून पाठवलं, "मीच आहे हो." सूर्य म्हणाला, आवाज चालत नाही, नियम वाचा. व्हिडिओ पाठवला. नियम वाचा. हिला म्हटलं, तू तरी सांग.

"घरच्यांची साक्ष चालत नाही ना," ही म्हणाली. "बरं झालं. अहो, चहा टाकू, का मशीनला चालत नाही?"

शेवटी ताईंनी लिहिलं, "रविवारी संध्याकाळी मी भाईंदरला बाजाराला येतेच. प्रत्यक्ष भेटते. घराबाहेरचा एक साक्षीदार आणा. मग ठरवू."

घराबाहेरचा साक्षीदार म्हणजे दादा. मी त्यांना पढवायला गेलो, तर म्हणाले, "मला शिकवू नको. खरा तेच बोलंन." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रविवारी ताई आल्या. हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी. बोलणं कुठे करायचं, तर दादा म्हणाले, आगरावर चला. इमारती संपतात तिथून बांध सुरू होतो. आम्ही तिघं एकामागे एक चालत गेलो आणि शहराचा आवाज कुणी हळूच मुठीत धरल्यासारखा कमी होत गेला. मिठाचे ढीग शुभ्र, कडेला उडी मारायच्या तयारीत बसलेले बगळे, आणि पाणी भरलेल्या चौकोनांत आकाशाचे तुकडे कापून ठेवलेले. एका चौकोनात तर आमची अख्खी इमारत उलटी उभी होती. बाल्कनीत माझी खुर्ची होती. त्या खुर्चीत मी अजून झोपलोय, असं मला क्षणभर अगदी स्वच्छ दिसलं, आणि हे बांधावर चालणं त्याच्या स्वप्नातलं. मी हात हलवला. पाण्यातल्यानं नाही हलवला. ही गोष्ट मी ताईंना सांगितली नाही. माणसानं कुठे थांबावं ते कळतं मला.

"दादा," ताई म्हणाल्या, "ते झोपेत भरती ऐकणारे गृहस्थ. खरंच होते?"

"माजा बापूस," दादा म्हणाले.

मी छाती पुढे काढली. ताईंकडे असं पाहिलं की बघा.

"पन आयकायला? त्यो तर भयरा होता."

बगळा उडाला.

"दोन्ही कानांनी?" मी विचारलं.

"कानाशी फटाका लावला तरी हलायचा न्हाय. बांधाच्या दाराजवळ निजायचा, पाय खाली सोरून. भरती चरली का पायाला पानी लागायचा, का उठायचा. ह्या साहेबाला मी सांगलेला पाय. त्यानं केला कान."

"आणि मीठ गोडसर?" ताईंनी विचारलं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "त्ये मात्र खरा हाय," ते म्हणाले. "पुनवेचा मीठ माजी आय चहात घालायची."

तेव्हा मला कळलं की आमची मैत्री इतकी वर्षं कशावर उभी आहे.

ताईंनी वाकून ढिगाच्या कडेचा एक खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि खाडीकडे बघत उभ्या राहिल्या. उजेड गुलाबी होऊन पाण्यात विरघळत होता. दूर खाडीवरच्या पुलाचे दिवे लागले आणि सगळ्या चौकोनांत एकदम लागले. खूप वेळ कुणालाच घरी जायचं नव्हतं.

मग त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं. दादांच्या खिशातली बाई लगेच वाचू लागली, "प्रत्यक्ष भेटून खात्री केली. सदस्य ग्रुपमध्ये राहतील." सूर्यानं क्षणात विचारलं, बाईनं तेही त्याच सुरात वाचलं, "म्हणजे त्यांनी लिहिलेलं खरं आहे का?"

ताईंनी खडा दाताखाली फोडला, टाईप केलं, आणि बाईनं बांधावर सगळ्यांदेखत वाचलं.

"माणूस आहेत. मजकुराची हमी नाही."