पातळ हात

मी काढलेल्या चित्रावर मालकाच्या घरच्यांनी माझ्यासमोर गोमूत्र शिंपडलं. मग मालकाच्या बायकोनं ओलं फडकं घेतलं आणि पुसायला लागली. मी अंगणात उभा. चपला हातात.

"आठ दिवस हात नका लावू, बाई. वरचा रंग ओला हाय."

"तसंच कसं टांगू? तुया हातचं हाय ते."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी आदिलाबादेत दुकानांच्या पाट्या रंगवायचो, सोबत फोटोवरून मेलेल्या माणसांची चित्रंही. भीमपूरकडच्या आमच्या गावच्या मालकानं बोलावलं. त्याचा बाप, थोरला मालक, गेला होता. मला बसायला गोठा दिला. पाणी वरून ओतलं.

म्हातारा ओसरीत बसलेला असला की आमच्या वस्तीनं चपला हातात घेऊन, मान खाली घालून जायचं. एकदा माझ्या बापानं वर पाहिलं, तर त्याला दिवसभर उन्हात उभं केलं. तो मरेस्तोवर जमिनीकडं बघूनच चालला. मीही म्हाताऱ्याचे डोळे पहिल्यांदा पाहिले ते फोटोत. अंगावर काटा आला. जसे होते तसे काढले.

मालक म्हणाला, "आबाची नजर जराशी नरम कर. लोकायनं हात जोडले पायजे."

त्याला उपाय असतो. खालचा रंग वाळला की वरून पांढऱ्याचा अगदी पातळ हात फिरवायचा. तो वाळला की पुन्हा एक. खालचं दिसत राहतं, पण त्याची धार जाते. मी तीन हात फिरवले. म्हातारा देवमाणूस दिसायला लागला. मला माझीच किळस आली, तरी फिरवले. शेवटचे दोन ओलेच होते, पण बाराव्याची घाई होती.

फडक्यानं ते निघून आले. खालून म्हातारा बघायला लागला. बाईच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"बाचे डोळे असे काऊन दिसून राह्यले?" मालक ओरडला. "पुन्ना कर!"

"नाई करत."

"काऊन?"

"तुमी पुसलं ते माया हातचं व्हतं. खाली हाय ते तुमच्या बाचं."

मालक आता ओरडला नाही. हळूच म्हणाला, "आला त्याच रस्त्यानं जाशीन ना रे? सायकलवर?"

धमकी कळली मला. पण मी चपला खाली टाकल्या आणि त्यांच्याच अंगणात पायात घातल्या.

कापसाच्या वावरांजवळ मागून जीपचा आवाज आला. मी सायकल उभी केली आणि वळलो. उतरलेल्या चौघांची तोंडं नीट बघून घेतली.

माझ्या भुवईपासून गालापर्यंत त्या दिवसाचा व्रण आहे. पुढं आरसा समोर ठेवून मी माझंच चित्र काढलं. ते दुकानात दारासमोरच लावलंय. गिऱ्हाईक म्हणतं, पेंटर, हा व्रण तेवढा मऊ करून टाका की.

त्या व्रणावर मी पातळ हात फिरवलेला नाही. फिरवणारही नाही.