पंगतीतून उठायचं न्हाय

कमलवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरग्याच्या हायवेवर, माझ्या टायरच्या दुकानासमोर, एका ट्रकच्या मागच्या चाकाशी झटापट करत होतो. फोन करीमचाचांचा, चौकातल्या किराणा दुकानातून. एरवी हा माणूस फोनवर आधी माझी तब्येत विचारतो, मग बायकोची, मग धंद्याची. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "बंडू, कमलभाभी गई..." आणि फोन ठेवला. ट्रकवाला एकदा जॅककडं, एकदा माझ्याकडं बघत होता. सकाळी भाकरी थापताना वहिनींच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या पायरीवरच सगळं संपलं. तव्यावर राहिलेली भाकरी धाकट्या लेकीनं वेळेत उतरवली, ती करपली नव्हती. हे मला भेटेल त्यानं आवर्जून सांगितलं. कमलवहिनीची भाकरी करपली असती तर उमरग्यात ती वेगळी बातमी झाली असती.

मी त्यांचा नातेवाईक नाही. त्या मला भाऊजी म्हणायच्या, मी त्यांना वहिनी म्हणायचो, पण आमचं खरं नातं म्हणजे मी घेणेकरी आणि त्या देणेकरी. आमच्या धंद्यात उधारी ठेवून गेलेल्या माणसांची आठवण रोज निघते. फक्त ती छापण्यासारखी नसते. ही छापण्यासारखी आहे, म्हणून लिहितो.

वहिनींचे यजमान दत्तूदादा. त्यांचा मालवाहू टेम्पो होता. उमरगा ते सोलापूर, कधी हैदराबाद. टेम्पो फायनान्सवर घेतलेला. दोन खोल्यांचं घर पतसंस्थेच्या कर्जावर बांधलेलं. थोरल्या लेकीच्या लग्नात वहिनींच्या पाटल्या सराफाकडं गहाण पडलेल्या. किराणा करीमचाचांकडून आणि टायर माझ्याकडून, दोन्ही उधार. वाचताना छातीत धडकी भरेल, पण टेम्पो पळत होता तोवर हे सगळं त्याच्यामागं सुरळीत पळत होतं. आमच्याकडचं निम्मं गाव असंच चाकावर चालतं. मग एका वर्षी दिवाळी झाल्यावर दत्तूदादांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. ज्या हातानं स्टेअरिंग फिरवायचं तो हात गोधडीवर ठेवला की तिथंच राहायचा. टेम्पो दारात उभा आणि ड्रायव्हर खाटेवर आडवा. एका सकाळीत घराची कमाई थांबली, हप्ते मात्र थांबले नाहीत.

अशा वेळी देणेकरी काय करतो, यावर मी व्याख्यान देऊ शकतो. आधी तो दुकानासमोरून जाताना फोनवर बोलायला लागतो. फोन बंद असला तरी बोलतो. मग रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जातो. मग त्याला मागची गल्ली आवडायला लागते. शेवटी तो पुण्याला जातो. वहिनी यातल्या कुठल्या पायरीवर दिसतात याची मी गल्ल्यावर बसून वाट बघत होतो, तर एका दुपारी त्या सरळ दुकानातच आल्या. डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी.

"भाऊजी, अमावस्येला जेवायला यायचं. माझ्या भावाच्या रानात."

मी म्हटलं, "वहिनी, यंदा घरात आजारपण, कशाला त्रास?"

"आजारपण हाय म्हणून तर बोलावतेय," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

ही अमावस्या म्हणजे वेळा अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. त्या दिवशी धाराशिव आणि लातूरकडची गावं ओस पडतात. सगळे रानात जेवायला. ज्याला रान नाही त्याला रानवाले हाका मारून नेतात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा आंबील प्यायल्याशिवाय सोडत नाहीत. आणि येळवसेचं आवतण कुणी मोडत नाही. वहिनींना हे पक्कं ठाऊक होतं.

मी रानात पोचलो तेव्हा कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडवांची पूजा झाली होती. झाडाखाली खाट टाकून दत्तूदादांना झोपवलं होतं. शेजारी सतरंजी अंथरलेली, आणि तिच्यावर करीमचाचा. त्यांच्या पलीकडं सराफ आप्पा, ज्यांच्याकडं पाटल्या होत्या. टोकाला पतसंस्थेचे वसुली अधिकारी मानेसाहेब. एकाच मुलीला बघायला आलेली स्थळं एकाच वेळी ओसरीवर भेटावीत, तसे आमचे चेहरे झाले. मानेसाहेबांना तर लगेच वास आला. भज्जीचा नव्हे, डावाचा. उमरग्याची वसुली करून मुरलेला माणूस, ज्याचं अन्न पोटात गेलं त्याच्या दाराला कुलूप लावताना हात थरथरतो हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "वहिनी, मी आपला नुसता बसतो. आज गुरुवार, माझा उपवास असतो."

"ठावं हाय साहेब. तुमच्यासाठी भगर केलीय. येगळ्या भांड्यात."

मानेसाहेब मांडी घालून बसले. पानं मांडली. शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील, गव्हाची खीर. सगळ्यांचा पहिला घास पोटात गेल्याची खात्री झाल्यावर वहिनी हातात पळी घेऊन समोर उभ्या राहिल्या. मी गणपतीच्या नाटकांत बरीच वर्षं तोंडाला रंग लावलाय, पण असा प्रवेश मला कधी साधला नाही.

"जेवा. जेवता जेवता ऐका. यांचं चाकावरचं काम आता संपलं. तुमा सगळ्यांचं मला द्यायचंय, बुडवायचं न्हाय. पण एकदम जमायचं बी न्हाय. एकाच्या पानात ढीग आन दुसऱ्याचं पान कोरडं, असली पंगत म्या वाढत न्हाय. म्हैन्याला एक फेरी मारीन, सगळ्यांला थोडं थोडं. पयल्यांदा काही म्हैने नुसतं पान मांडून बसावं लागंल. आन एकदा बसल्यावर पंगतीतून मधीच कुणी उठायचं न्हाय."

रानात वारा सुटला होता. आप्पांनी घसा खाकरला. ते सीमेपलीकडचे, निम्मं कानडी बोलतात. "एनव्वा, ते सगळं बराबर. व्याजाचं काय?"

"आप्पा, आधी आंबील घ्या. व्याज बी वाढीन, पण शेवटी. गोड शेवटीच असतंय."

मानेसाहेबांनी पाण्याचा घोट घेतला. "वहिनी, आमच्याकडं नियम असतात. हप्ते थकले की घरावर नोटीस निघते. मग जप्ती. मी एकटा काय करणार?"

"हप्ता कमी करून मुदत वाढवायचं नियमात हाय का न्हाय?"

"आहे. पण संचालकांपुढं तसं कारण मांडावं लागतं."

"मग मांडा की. कारण त्या खाटंवर पडलंय."

सगळ्यांनी खाटेकडं बघितलं, आणि लगेच आपापल्या पानाकडं. करीमचाचा म्हणाले, "भाभी, मैं तो खाने कू आया. उठूं काय कू?" मग वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडात उंडा होता, मी नुसती मान हलवली. कायद्यात ती संमती धरतात की नाही, कोण जाणे. वहिनींनी धरली.

मीच मग विचारलं, "आणि टेम्पोचे फायनान्सवाले? ते नाही दिसत..."

"त्येंचं हापिस लांब. त्येंला येळवस ठावं न्हाय, पंगत ठावं न्हाय. ज्येला पंगतीला बसवता येत न्हाय, त्येचं आधी फेडायचं. टेम्पो विकते."

एवढा वेळ आभाळाकडं बघत पडलेल्या दत्तूदादांनी मान वळवली आणि तोंड जोंधळ्याकडं केलं. वहिनी खिरीची वाटी घेऊन खाटेपाशी गेल्या. दादांनी तोंड उघडलं नाही. वाटी तशीच परत आली. आमची पंगत मात्र नीट जेवून, वहिनी "उठा आता, दुकानं कोण उघडणार, म्या?" म्हणाल्या तेव्हाच उठली. येळवसेला दुकानं कोण उघडतंय! पण उठलो.

टेम्पो विकला. फायनान्सवाल्यांचं मिटवून वर राहिलं ते दत्तूदादांच्या औषधालाही पुरलं नाही. पण दारात रोज येणारी त्यांच्या वसुलीवाल्याची फटफटी थांबली. उशीर केला असता तर ते टेम्पो ओढून घेऊन गेले असते आणि वर बाकी काढली असती, हे मी हायवेवर बसून कितीतरी वेळा पाहिलंय. दत्तूदादांना हे पटायचं नाही. लकव्यानं अर्धी वाचा गेली होती, उरलेली अर्धी त्यांनी स्वतः बंद केली. बायकोशी बोलणं सोडलं.

इकडं वहिनींनी कडक भाकरीचा धंदा काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापतात, भाजतात आणि खडखडीत वाळवतात. महिनाभर काही होत नाही. ट्रकवाले पिशवीभर घेऊन जातात. पहिला डबा त्यांनी माझ्या गल्ल्यावर आणून ठेवला. मी म्हटलं, "वहिनी, टायरच्या दुकानात भाकरी कोण घेणार?" त्या म्हणाल्या, "पंक्चर निघंस्तोवर ट्रकवाला काय करतो? तुमचं तोंड बघतो. त्यापेक्षा भाकरी बघंल." पहिल्याच गिऱ्हाइकानं, एका सरदारजीनं, भाकरी बोटानं वाजवून विचारलं, "ये रोटी है या टायर?" मी म्हणालो, "टायर की गॅरंटी नहीं देता, रोटी की देता हूं." त्यानं दोन्ही घेतलं. परतीच्या फेरीला पुन्हा थांबला, फक्त भाकरीसाठी.

माल वाढला तसे हात कमी पडायला लागले. वहिनी भाकरीची चळत दत्तूदादांच्या खाटेशेजारी ठेवायच्या, काही न बोलता. नुसतं पडून माणूस किती पडणार? एक दिवस ते डाव्या हाताच्या बोटानं भाकरी वाजवायला लागले. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा कान, तो भाकरीला लागला. आणि एका सकाळी वहिनी पदर सावरत, जवळजवळ पळत, माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं, दादांचं काहीतरी झालं.

"भाऊजी, बोलले! माझ्याशी बोलले!"

"काय बोलले?"

"भाकरी वाजवली आन म्हणाले, कच्ची!"

इतक्या महिन्यांनी नवऱ्यानं तोंड उघडलं ते नाव ठेवायला, आणि ही बाई पेढे वाटायच्या बेतात. त्या दिवसापासून दादांनी वाजवल्याशिवाय एक भाकरी बाहेर गेली नाही.

मानेसाहेबांनी शब्द दिला नव्हता, पण संचालकांपुढं कारण मांडलं. मुदत वाढली, हप्ता उतरला. फेऱ्या सुरू झाल्या. कधी भरपूर, कधी चमचाभर, पण पान कोरडं नाही. फक्त आप्पा एकदा चुळबुळले. सोन्याचा भाव चढला होता आणि पाटल्या मोडून टाकतो असा त्यांनी निरोप धाडला. वहिनी भर बाजारच्या दिवशी त्यांच्या पेढीवर गेल्या. गिऱ्हाइकांची ही गर्दी. योगायोगानं मीही तिथं होतो. योगायोग मीच जुळवला होता, असला खेळ फुकट कोण सोडतं! वहिनींनी आवाज चढवला नाही. उंबऱ्यातूनच विचारलं, "आप्पा, पंगतीतून उठलात का हो?"

सगळं दुकान आप्पांकडं वळलं. आप्पांनी गादी दोन्ही हातांनी धरली. "अय्यो, उठतो कशाला? बसलोय की! बसलोयच!"

करीमचाचांचं सगळ्यात आधी फिटलं, मग माझं. आप्पांनी पाटल्या परत दिल्या तेव्हा व्याजात काही सोडलं. किती, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घर शेवटी सुटलं. ज्या दिवशी घराचे कागद हातात आले त्या दिवशी वहिनींनी नेहमीइतक्याच भाकऱ्या केल्या. आणि फिटल्यावरही दर येळवसेला त्याच सतरंजीवर, त्याच क्रमानं आमची पंगत बसत राहिली. मानेसाहेबांची बदली झाली, तरी ते गाडी काढून यायचे. त्यांची भगर पुन्हा कधी करावी लागली नाही. पुढं येळवस गुरुवारी आली तरी ते भज्जीच खायचे.

वहिनी गेल्या त्या दिवाळीनंतर, आणि मागोमाग येळवस आली. सुतकाच्या घरात वर्षभर सण नसतो. आवतण येणार नव्हतं, आलं नाही. मग आम्हीच आपापल्या घरून डबे घेतले आणि दत्तूदादांच्या अंगणात, त्या दोन खोल्यांसमोर, जाऊन बसलो. कुणी ठरवलं नव्हतं, पण बसलो त्याच क्रमानं. यंदा दादांची खाटही पंगतीला लावून घेतली. आप्पांच्या घरची भज्जी तिखट झाली होती, त्यावर करीमचाचांनी दोन शब्द सुनावले.

जेवण आटोपलं. पानं रिकामी झाली. उष्टे हात वाळायला लागले... आणि कुणी उठेना. उठा म्हणणारंच नव्हतं. धाकटी लेक हात धुवायला तांब्या घेऊन उभी होती, तिलाही कळेना.

तेव्हा दत्तूदादांनी तिला डाव्या हातानं खूण केली. ती आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. वहिनींच्या हातच्या शेवटच्या भाकऱ्या तळाशी राहिल्या होत्या. महिनाभर काही होत नाही, हे वर लिहिलंच आहे. दादांनी एक उचलली, कानाशी धरून बोटानं वाजवली. सावकाश ऐकली.

"पक्की," म्हणाले.

मग ती मोडली, आणि खाटेवरून वाकून आम्हा प्रत्येकाच्या पानात एकेक तुकडा टाकला. कुणाला जास्त नाही, कुणाचं पान कोरडं नाही. आम्ही खाल्ला. थोडा वेळ अंगणात नुसता कडकड आवाज.

तुकडे संपल्यावर दादांनी आमच्याकडं बघितलं. जिभेवर शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो. आम्ही बसून राहिलो.

"उठा आता," ते म्हणाले. "दुकानं... कोण उघडणार?"

आम्ही उठलो.