ढिलं स्टेअरिंग

जळालेल्या सर्व्होचा वास मला आता लांबून ओळखू येतो. प्लास्टिकची बांगडी दिव्याला लागली की येतो तसा असतो, पण त्यात थोडा तेलाचा वास मिसळलेला. त्या दिवशी कापूस वेचून घरी आले तर फाटकाशीच तो वास आला. मी हातपाय न धुता ओसरीच्या पायरीवर बसून राहिले. आमचे हे खाटेवर बसले होते, उजवा पाय समोर सरळ ठेवून. तो पाय वाकतच नाही. मांडीवर ट्रक पालथा घातलेला होता, लेकराला तेल लावायला घालतात तसा.

"गेला?" मी विचारलं.

"गेला."

"नवा होता ना?"

"नवाच होता. आता काय आरती करू त्याची?"

मी उठून चुलीकडे गेले. 

हा ट्रक हातभर लांबीचा आहे. रिमोटवर चालतो, शर्यतीसाठी असतो. पुढची चाकं वळवायला त्याच्या पोटात एक काळी डबी असते, माचिसएवढी. तिला सर्व्हो म्हणतात. रिमोटवरचं छोटं चाक फिरवलं की डबीतली मोटर फिरते, आतले दाते एकमेकांना ढकलतात आणि ट्रकची चाकं वळतात. ही डबी गेली की ट्रक नुसता नाकासमोर पळतो आणि कशावर तरी आदळतो. आमच्याकडे ती सारखी जात होती. कधी मोटर जळायची, कधी दाते झडायचे. झडलेले दाते मी सुईने उकरून बाहेर काढायचे, कारण ह्यांना चाळिशीचा चष्मा लागला आहे आणि तो लावायची लाज वाटते.

ट्रक आमचा नव्हे. हिंगणघाटला एक कापडवाले शेठ आहेत, त्यांचा. हे खरे ट्रक चालवायचे तेव्हा शेठचा माल पुष्कळदा ह्यांच्याच गाडीत यायचा. मग अपघात झाला. पायात सळई बसली, ब्रेक दाबता येईना, आणि ड्रायव्हरकी संपली. आमचं घर वडनेरला, हायवेपासून जवळ. दिवसभर ट्रकांचा आवाज येतो. ह्यांनी खाट फिरवून घेतली आणि रस्त्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. जेवायला उठायचे, पुन्हा पडायचे. दाढी करायची आठवण मी द्यायची. कितीतरी महिने असेच गेले. मी शेतावर जाताना त्यांची पाठ दिसायची आणि परत आल्यावरही तीच.

शेठ एके दिवशी स्वतः घरी आले. त्यांना नि त्यांच्या काही मित्रांना या खेळण्यांचा नाद लागला होता. गावाबाहेर त्यांच्या पडीत वावरात मातीची पोती टाकून, उंचवटे करून त्यांनी शर्यतीचा रस्ता बनवला होता.

"उस्ताद," शेठ म्हणाले, "माह्याच्यानं हे सांभाळनं नाई होत. मले फक्त जीतना है. गाडी तुह्याकडे ठेव, दुरुस्ती बी तूच कर, चालव बी तूच."

हे भिंतीकडेच पाहत होते. शेठनी ट्रक खाटेवर ठेवला आणि चहा पिऊन निघून गेले. मी संध्याकाळी आले तेव्हा हे उठून बसले होते आणि ट्रकच्या चाकांची वायसरं काढून ओळीने मांडली होती. मी दारातच थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, मी न सांगता, आणि खाट पुन्हा रस्त्याकडे फिरवून घेतली.

म्हणून सर्व्हो गेला की मी आधी खाटेकडे पाहायचे. ट्रक शेठकडे परत गेला तर खाट पुन्हा फिरेल, हे मला दिसत होतं.

रविवारी शेठची गाडी न्यायला यायची. मलाही जावं लागायचं, कारण ट्रक उलटला की कुणीतरी पळत जाऊन सरळ करायचा असतो, आणि ह्यांना वाकता येत नाही. मला माणसांत उभं राहायचं म्हणजे जीव नकोसा होतो. सगळे पुरुष, मी एकटी बाई. मी डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या वळणावर, पोत्यांच्या पलीकडे उभी राहायचे. कुणाचा ट्रक उलटला की पळायचं, सरळ करायचं, मागे यायचं. पहिल्यांदा मी फक्त आमचाच उचलला.

"वहिनी, आमच्या गाडीनं काय पाप केलं?" एक जण तिकडून ओरडला. "तिलेबी उचला ना!"

"वहिनी घरचाच माल उचलतात," दुसरा म्हणाला आणि सगळे हसले. हेही हसले. ह्यांना हसताना पाहून मी दुसऱ्याचा ट्रकही उचलला.

सर्व्हो का जातो ते शोधायला आम्ही काय काय केलं, ते आठवलं तरी थकायला होतं. आधी ह्यांना वाटलं माल हलका आहे. शेठनी भारी मागवला. तोही जळाला. मग ह्यांना वाटलं पाणी जात असेल, कारण खऱ्या ट्रकसारखं हे त्यालाही धुऊन पुसून ठेवायचे. मी फुगा कापून त्या डबीला टोपडं घातलं. पाणी जायचं थांबलं, दाते झडायचे थांबले नाहीत. मग काळी माती. आमची माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. मी जुन्या ब्रशने प्रत्येक सांधा घासून काढायचे, वेचणीत बोंडांनी ओरबाडलेली बोटं मातीने आणखी चिरायची. मग बॅटरी बदलली. मग विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला लोखंडी दात्यांचा लावा. लावला. त्याचे दाते टिकले, पण डबीला चाकांशी जोडणारा दांडाच मोडला. नवा दांडा टाकला तर मोटर जळाली.

हे प्रत्येक वेळी सगळं उघडायचे, सगळं पुन्हा कसायचे. रिमोटच्या चाकाला हात लावून तो हात कपाळाला लावायचे, पूर्वी खऱ्या स्टेअरिंगला लावायचे तसा. मी ट्रकला हळदकुंकूही लावून पाहिलं. आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

शेवटी शेठ बोलले. वावरातच बोलले, सगळ्यांसमोर नाही, पण मला ऐकू येईल असे.

"उस्ताद, बुरा मत मानना. एवढे सर्व्हो तर दुकानातबी नाई राहत. येत्या रविवारी गेला तर गाडी वर्ध्याच्या मोबाईल रिपेरीवाल्याले देतो. तू आराम कर."

हे "हो" म्हणाले.  घरी आल्यावर खाटेवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.

मी मात्र वळणावर उभी राहून एक गोष्ट पाहिली होती. बाकीच्यांचे ट्रक पोत्यावर आदळले की पुढची चाकं बाजूला मुरडायची आणि लगेच सरळ व्हायची, गायीने मान झटकावी तशी. आमच्या ट्रकची चाकं आदळली तरी हलायची नाहीत. ताठ राहायची, आणि मग आतून 'कर्र' असा आवाज यायचा. आधी मला वाटलं, आमचा ट्रक मजबूत आहे. पाहून पाहून मला शंका यायला लागली. पण मी कुणाला विचारणार? वळणावर मी पदराच्या आतून पाहायचे तेवढंच.

शेठचा असाच दुसरा ट्रक त्या आठवड्यात टायर बदलायला आमच्याकडे आला होता. दुपारी हे डुलकी घेत होते तेव्हा मी दोन्ही ट्रक शेजारी ठेवले. त्याचं चाक बोटाने ढकललं तर ते थोडं दबलं आणि डबी नि चाकांच्या मधल्या स्प्रिंगने परत आलं. आमचं ढकललं तर बोटच दुखलं. स्प्रिंग दोन्हींत होती. आमच्या स्प्रिंगवरची चकती मात्र पार खाली कसलेली होती. स्प्रिंगला हलायला जागाच नव्हती. आदळल्याचा सगळा मार त्या डबीच्या दात्यांवर जात होता, आणि चाक पोत्यात अडकलं की बिचारी मोटर ढकलत ढकलत जळत होती.

मी वळून पाहिलं तर हे जागे होते.

"काय पाहून राह्यली?"

"अवो, हे एवढं कसून कायले ठेवलं तुमी?"

"मंग? ढिलं ठेवू?"

"त्याचं ढिलं हाये ना. पाहा बरं."

ह्यांनी शेठच्या ट्रकचं चाक बोटाने हलवलं. चाक दबलं, परत आलं. तवा लागावा तसा त्यांनी हात काढून घेतला.

"हा प्ले हाये, ढिलाई," हे म्हणाले. "स्टेअरिंगमंदी प्ले मी नाई ठेवत."

"पण त्याच्यानं तर मोडून राह्यलं."

"तुले काय समजते स्टेअरिंगचं?"

 खरंच मला काही समजत नाही. हायवेवरून एक ट्रक गेला, मग आणखी एक. मग हे भिंतीकडे पाहूनच बोलायला लागले. अपघाताबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. मी दवाखान्यात जे ऐकलं तेवढंच मला माहीत होतं.

"म्या सांगतलं होतं गाडीमालकाले. प्ले हाये म्हणून. अर्धं चाक फिरवलं तरी गाडी वळत नाई म्हणून. मालक म्हणे, एक खेप मार, आल्यावर पाहू." मग म्हणाले, "पुलावर म्या फिरवलं वो. पुरं फिरवलं. ते नुस्तं फिरलं हातात."

मी त्यांच्या पायाशी बसले होते. तो न वाकणारा पाय माझ्या खांद्याला टेकला होता. मी ब्रश घेतला आणि शेठच्या ट्रकचे टायर घासायला लागले. आमच्या ट्रकला मी हात लावला नाही. ते त्यांचं स्टेअरिंग होतं.

रविवारी सकाळी शेठच्या गाडीचा हॉर्न वाजला. हे आंघोळ करून, शर्ट घालून बसले होते. मी चपला घालत होते. त्यांनी ट्रक उलटा करून माझ्यापुढे सरकवला.

"तूच कर," म्हणाले, आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.

चकती घट्ट बसली होती. पदराचं टोक लावून फिरवावी लागली. एक फेरा दिला.

"आणखी?" मी विचारलं.

"मले नको विचारू."

शेठच्या दुसऱ्या ट्रकसारखी झाली असं वाटेपर्यंत मी चकती ढिली केली. चाक ढकलून पाहिलं, दबलं, परत आलं. त्यांनी पाहिलं नाही. पण त्यांचे कान इकडेच होते.

वावरात मी माझ्या वळणावर जाऊन उभी राहिले. आमचा ट्रक पहिल्या फेरीत पोत्यावर आदळला. चाकं मुरडली, सरळ झाली, आणि ट्रक पुढे गेला. आतून आवाज आला नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. रिमोट छातीशी धरलेला, ओठ घट्ट. मग प्रत्येक वळणाआधी ट्रक हळू व्हायला लागला, एवढा हळू की बाकीचे भराभर पुढे निघून गेले.

"उस्ताद, बारात निघाली का?" कुणीतरी ओरडलं.

हे शेवटून दुसरे आले. शेठनी ट्रक उचलला, डबीला हात लावून पाहिला. नुसती कोमट होती. त्यांनी नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि ट्रक ह्यांच्या हातात परत दिला. जिंकायचं होतं हे ते विसरल्यासारखे दिसले, किंवा त्यांनी तसं दाखवलं. ट्रक आमच्याच घरी आला.

त्याला आता बरेच रविवार झाले. सर्व्हो तोच आहे. हे अजून वळणावर हळू होतात, आणि अजून हरतात. खाट रस्त्याकडेच आहे.

आठवड्यात कधीतरी, मी वेचणीला गेले की हे ती चकती पुन्हा कसतात. मला माहीत आहे, कारण शनिवारी माती काढताना ती हाताला घट्ट लागते.  रविवारी हॉर्न वाजला की हे ट्रक उलटा करून माझ्यापुढे सरकवतात आणि रस्त्याकडे पाहतात. मी पदराचं टोक घेते आणि चकती पुन्हा ढिली करते.