अक्कांचं न्हाणं

अर्धा लिटर पाणी एका दमात, तांब्या ओठाला न लावता, वरून धार सोडून पिणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. बंगळूरच्या त्या रेडिएशन विभागात आम्हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवाल्या सगळ्यांना रोज तेच करावं लागे. आधी लघवीला जाऊन यायचं, मग अर्धा लिटर पाणी पोटात ढकलायचं आणि पाऊण तास गच्च दाबून बाकावर बसायचं. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात म्हणे. मी पुण्याची, आयटीतली. बाटलीतून घोट घोट घेत रडकुंडीला यायचे. "औषध हाय समज आणि ओत की नरड्यात," तांब्या रिकामा करून अक्का म्हणायच्या. त्यांना सगळेच अक्का म्हणत, डॉक्टरसुद्धा.

अक्का निपाणीकडच्या. मुक्काम देवनहळ्ळीला, टॅक्सी चालवणाऱ्या भाच्याकडे. मराठी आणि कानडी दोन्ही घरच्याच, त्यामुळे नर्स कानडीत जे भराभर सांगून जाई ते आम्हाला अक्कांकडून कळे, आणि नर्सपेक्षा कडक आवाजात. "साबण न्हाई. घासायचं न्हाई. सैल, सुती घालायचं. पोटावरच्या शाईला तर हात न्हाई लावायचा, त्या खुणा बघूनच मशीन लावत्यात." एकदा मी घट्ट लेगिंग्ज घालून गेले, तर सगळ्यांदेखत माझी कंबर चाचपून त्यांनी माझी अशी काही हजेरी घेतली की दुसऱ्या दिवसापासून मी आईचा जुना परकर नेसून येऊ लागले.

जुलाब सगळ्यांनाच व्हायचे. अक्का मऊ भात आणि पातळ ताकावर राहत, आणि सकाळच्या बसआधी तेवढंही खात नसत. "मधीच लागली तर पळू कुठं?" हे त्या हसत सांगायच्या. मला काही हसू यायचं नाही.

एकाच गोष्टीपाशी त्यांचा आवाज खाली येई. आठ महिने अंगावरून रक्त जात होतं, आणि आठ महिने गावच्या घरात त्या बाजूला बसत होत्या. स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, जेवणाचं ताट मागच्या खोलीत. कॅन्सर आहे हे कळल्यावरही त्यात फरक पडला नव्हता. "सून वाईट न्हाई गं," त्या म्हणत, "रीत हाय ती."

किरणांच्या चौदाव्या की पंधराव्या दिवशी अक्का आल्या त्या ओल्या केसांनी. त्यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "थांबलं," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "चार दिस झालं, एक डाग न्हाई. आज डोक्यावरनं न्हालो. शिकेकाई लावून, सगळं अंग चोळून." मी त्यांचा हात धरला आणि "किती छान झालं, अक्का" म्हणाले. दोघींपैकी एकीच्याही डोक्यात शाई आली नाही. आत अक्का टेबलावर झोपल्यावर दिसलं, त्यांचं पोट कोरं होतं.

टेक्निशियन पुष्कळ रागावला. पुन्हा स्कॅन करून नव्या खुणा करायच्या, तीन दिवसांनी या, असं त्यांना सांगितलं. अक्का खाली मान घालून बाहेर आल्या, पण पदर सावरेपर्यंत त्यांचं ठरलंही होतं. "तीन दिस हाईत तर गावाकडं जाऊन देवापुढं दिवा लावून येतो." मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी माझा नंबर एकाने पुढे सरकला, इंदिरानगरच्या ऑफिसात मी वेळेत पोचले आणि मला ते बरं वाटलं.

तीन दिवसांचे पाच आठवडे झाले. फोन केला की मागे भांड्यांचा आवाज यायचा. आज पुरण मीच वाटलं, आज पूजा मीच केली, असं अक्का सांगत राहायच्या. खंड पडला तर आधी घेतलेले किरणही वाया जातात, डॉक्टर चिडलेत, मी बजावायचे. "येतो की. पण आता थांबलंय न्हवं?" घरच्यांचंही तेच म्हणणं होतं.

भाचा त्यांना परत घेऊन आला तेव्हा रक्त पुन्हा सुरू झालं होतं. त्या दिवशी मी तपासणीला आले होते. डॉक्टर भाच्याला सांगत होते ते मला ऐकू आलं. आता बरं करण्यासाठी नाही, रक्त थांबवण्यापुरते थोडे दिवस किरण देऊ. मी शेजारी बसायला गेले तशा अक्का बाकावर सरकल्या. "लांब बस बाळ," म्हणाल्या, "परत चालू झालंय."

दोन महिन्यांनी मी त्यांच्या नंबरावर फोन लावला तर सुनेने उचलला. अक्का गेल्या होत्या, मागच्याच खोलीत. "देवघरापुढनं न्यायचं न्हाई म्हणून परसातनं काढलं," ती म्हणाली. साध्या आवाजात सांगत होती, तिला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. मी तरी तिच्यावर कोणत्या तोंडाने चिडणार? रोज पाऊण पाऊण तास मी अक्कांना खेटून बसले होते. पाणी, ताक, साबण, नोकरी, मुलं, सगळं बोललो आम्ही. हा विटाळ नाही अक्का, जखमेतून येतं तसं रक्त आहे, एवढं एक वाक्य मी बोलले नाही. दोघींना एकच आजार होता, आणि मला त्याबद्दल बोलायची लाज वाटली.