मला म्हण

मुख्याध्यापिकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय, आत्ता येता का?" एवढंच त्या म्हणाल्या. मुलगी तेव्हा सातवीत. मला वाटलं, पडली असेल, नाहीतर ताप आला असेल. साहेबांना सांगून स्कूटी काढली आणि दहा मिनिटांत शाळेत पोचले.

तिला काहीच झालं नव्हतं. हात मागे बांधून ती टेबलाजवळ उभी होती. खुर्चीत दुसरीच एक मुलगी बसली होती, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला जाड पट्टी बांधलेली. तिच्या मागे तिचे वडील. चपला दाराबाहेर काढून ते अनवाणी उभे होते.

ही मुलगी जूनमध्येच शाळेत आली होती, जऊळक्याकडच्या एका खेड्यातून. वडील शेती करायचे. पोरांच्या शिक्षणासाठी त्यांनी वाशीमला खोली केली होती. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या मुलीनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी तिला बाथरूममध्ये कोंडलं. ती आतून "मले बाहेर काढा" म्हणून ओरडत होती आणि बाहेरून माझी मुलगी सांगत होती, "मले नाही, मला म्हण. नीट म्हण, मग उघडते." घाबरलेल्या पोरीला ते जमेना. ती दर वेळी "मले"च म्हणायची आणि बाहेर तिघी हसायच्या. शेवटी कडी निघाली. तिनं फटीतून हात बाहेर घातला आणि कुणीतरी दार पुन्हा ढकललं. बोट चेंगरलं, नख गेलं. दार कुणी ढकललं, ते तिघींपैकी एकही सांगत नव्हती.

हे सगळं ऐकून मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मॅडम, या वयात थट्टामस्करी चालतेच. मुद्दाम कोणी केलं नसेल."

त्या पोरीचे वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "थट्टाच असंन. पन पोरगी कालपासून बोलून नाई राह्यली."

मग त्यांनी मान वर केली. थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी किन्हीराजाच्या व्हय ना?"

"नाही," मी म्हणाले. "आम्ही वाशीमचेच."

माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. दर उन्हाळ्यात ती किन्हीराजाला मामाकडे जाते. 

बारावीपर्यंत मी तिथंच वाढले. पुढं शिकायला पुण्याला गेले तेव्हा होस्टेलच्या पोरी माझं बोलणं पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायच्या. मेसमध्ये मी ताट पुढं केलं की एखादी म्हणायचीच, "हिले पोळी वाढा!" मी पण त्यांच्याबरोबर हसायचे. वर्षभरात माझी बोली मी अशी पुसून टाकली, की दिवाळीला घरी गेले तर भावानं विचारलं, "काहून वं, रेडिओसारखी बोलून राह्यली?" नोकरी लागून वाशीमला परत आले तरी ती जिभेवर परत येऊ दिली नाही. मुलगी बोलायला लागली तशी तिचा प्रत्येक 'मले' मी खोडला. ते संस्कार वाटायचे मला.

त्या संध्याकाळी घरी मी तिला समोर बसवलं. "खरं सांग. दार कोणी ढकललं?"

"मी."

"का?"

ती नखं खायला लागली. मग म्हणाली, "ती तसंच बोलते ना सारखं. मॅडमशीपण." आणि पुढं, "माझ्या वाढदिवसाला तू आजीला म्हणालीस ना, पोरी आल्या की तू आतच बस, बोलू नको. मग?"

त्या 'मग'मध्ये उद्धटपणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, की मी केलं ते चालतं आणि तिनं केलं ते का चालत नाही. मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही. गाल धरून नुसती बघत राहिली.

रविवारी तिला घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेले. एकच खोली, पत्र्याची. वडील गावी गेले होते. आईनं चटई टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. ती पोरगी कोपऱ्यात वही उघडून बसली होती. माझी मुलगी तिच्यासमोर जाऊन "सॉरी" म्हणाली. तिनं मान हलवली, वर पाहिलं नाही.

"आता दुखत नाही ना?" मी विचारलं.

तिनं आईकडे पाहिलं. आईच म्हणाली, "बोट बरं हाय. पन वर्गात वाचाले उभं केलं का गळा दुखते म्हन्ते. घरी बोलते, शाळेत नाई."

चहाचा कप हातात धरून मी कशीबशी म्हणाले, "ताई, परवा मी खोटं बोलले. मी किन्हीराजाचीच."

तेवढंही मला आमच्या बोलीत म्हणता आलं नाही.

ती बाई साधेपणानं म्हणाली, "हिच्या बाबाले मालूम हाय ना. तुमच्या भावाच्याच वर्गात होते हे. घरी येऊन म्हने, त्यायले नसंन सांगाचं, जाऊ दे."

म्हणजे त्यांनी मला ओळखून विचारलं होतं. बहुधा ओळख निघाली तर बोलणं सोपं होईल, एवढ्याच आशेनं. आणि मी नाही म्हटल्यावर, सगळ्यांसमोर मला उघडं पाडण्याऐवजी ते गप्प राहिले होते. तो चहा मी कसा संपवला ते आठवत नाही.

दिवाळीनंतर ती मुलगी शाळेत आलीच नाही. गावाकडच्या शाळेत नाव घातलं, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं. ऐकून मला आधी हायसं वाटलं, हे लिहायलाही जड जातंय. आता ती रोज माझ्या मुलीच्या वर्गात दिसणार नव्हती. प्रकरण मिटलं होतं. कुठल्याही पालकसभेत मला त्या माणसासमोर बसावं लागणार नव्हतं.

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. वाढदिवसाचंही. ती म्हणाली, "मले काई वाटलं नाई तवा," आणि लगेच पाऊसपाण्याचं विचारायला लागली. तिला वाटलं होतं.

मागच्या महिन्यात बसस्टँडवर ते वडील भेटले. त्यांनीच आधी नमस्कार केला. मी मुलीची चौकशी केली.

"बरी हाय. नख आलं, जरासं वाकडं."

"बोलते का आता शाळेत?"

"लय बोलते. मास्तर कावतेत." ते हसले. त्यांच्या गावाकडं जाणारी मालेगावची बस लागली तशी पिशवी उचलून ते गेले.

घरी येऊन मी मुलीला सांगितलं, ते भेटले होते म्हणून. ती अभ्यास करत होती. पेन तसंच धरून तिनं विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"नाही," मी म्हणाले.