बिनीची कांचन

कांचन मोहितेला चिचुंद्रीची शिसारी होती. पालीला ती भीत नसे, झुरळ तर चपलेने मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकी. पण ओट्याखालून भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत जाणारी आणि मागे तो ओला, उग्र वास ठेवणारी चिचुंद्री दिसली की तिच्या घशाशी येई. त्यामुळे नऊ वर्षं संसार केलेल्या नवऱ्याने तिचं नाव एका चिचुंद्रीला दिलं आहे हे तिला कळलं, तेव्हा आधी राग आलाच नाही. आधी तो वास आला.

कांचन भुसावळकडची. वडील रेल्वेत, बदली होऊन बडोद्याला आलेले, त्यामुळे तिचं सगळं लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. दहावीच्या वर्षी टायफॉईड झाला आणि त्यात अंग झडलं ते पुन्हा भरलंच नाही. मनगटं अशी की बांगडीवाली लहान मुलींच्या डब्यात हात घाली. पण तिला बघायला आलेल्या सुभानराव मोहित्यांनी आपल्या मुलासाठी, मुकुंदसाठी, मुलगी पसंत केली. त्यांच्या पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात गडबड न करणारी सून त्यांना हवी होती.

मोहिते मूळचे बडोद्याच्या नागरवाड्यातले. सुभानरावांच्या आजोबांपर्यंत सगळे सरकारी फौजेत. पुढे संस्थान गेलं, फौज गेली, सुभानरावांनी सहकारी बँकेत हेडक्लार्की केली आणि निवृत्तीनंतर समा भागातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फौजेची आठवण म्हणून उरली ती एक तलवार आणि एक वाक्य. तलवार हॉलमधल्या काचेच्या कपाटात आडवी ठेवलेली. वाक्य सुभानरावांच्या तोंडात. "आमचं घराणं बिनीचं." फौजेच्या सगळ्यांत पुढे चालणारी, पहिला मारा अंगावर घेणारी तुकडी म्हणजे बिनी. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी हे एकदा गुजरातीतून समजावून सांगितलं होतं.

या बिनीच्या घराण्यातला मुकुंद वडिलांसमोर उभा राहून एक सरळ वाक्य बोलू शकत नसे. हे कांचनला लग्नानंतर महिनाभरातच कळलं. तो कंपनीतल्या बढतीच्या परीक्षेत नापास झाला, ते आबासाहेबांना, म्हणजे सुभानरावांना, कांचनने सांगितलं. चुलतभावाच्या लग्नाला कोल्हापूरला जायचं नाही, तेही तिनेच. खालच्या मजल्यावरच्या धवलभाईच्या छतातून पाणी गळायला लागलं आणि तो तावातावाने वर आला, तेव्हा मुकुंद न्हाणीघरात जाऊन बसला आणि दार उघडलं कांचनने.

"तूच बोल ना," तो म्हणे. "तुझ्याकडे बघून माणूस आवाज चढवत नाही."

आवाज चढत असे. आबासाहेब दहा मिनिटं बोलत, ती खाली मान घालून ऐके, मग एकदम तिच्या हाडकुळ्या खांद्यांकडे बघून ते थांबत आणि "जा, चहा टाक" म्हणत. चहा घेऊन मुकुंद आत जाई. तोवर वादळ सरलेलं असे. कांचनला याचा थोडा अभिमानही वाटे. घरात आपला उपयोग आहे, असं तिला वाटे.

तीन वर्षांपूर्वी तिने सोसायटीजवळच्या बालमंदिरात अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. हे मात्र तिने स्वतःसाठी मागितलं होतं. आबासाहेबांनी परवानगी दिली, पण अटीवर. "घरातली एक गोष्ट जरी तुझ्या घाईपायी बिघडली, सूनबाई, तर दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद." कांचनने तीन वर्षं दूध उतू जाऊ दिलं नव्हतं. सकाळी साडेआठला चाळीस मुलं "कांचनबेन, कांचनबेन" म्हणत तिच्या साडीला लोंबकळत. दिवसातल्या त्या चार तासांत तिला कोणी बारीक म्हणत नसे.

मुकुंदला नाद होता खेळाचा. अमेरिकेतल्या मावसभावाने दोन पडद्यांची, तळहाताएवढी एक डबी पाठवली होती. तिच्यात अक्राळविक्राळ प्राणी पाळायचे, वाढवायचे, आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचे. चौतिसाव्या वर्षी लागलेला नाद, म्हणून अधिक घट्ट. दर रविवारी त्याचा कंपनीतला मित्र हेरंब आपली डबी घेऊन येई आणि दोघं जेवणाच्या टेबलावर तासन्‌तास समोरासमोर बसत. मध्ये सेवउसळ. तर्रीचे लाल बोटांचे ठसे डबीवर, टेबलावर, पाण्याच्या तांब्यावर. ते कांचन दर रविवारी पुसून काढी.

पण त्या टेबलावरून तिने स्वतःचं नाव ऐकलं होतं, आणि ऐकून ती सुखावली होती. "आज कांचन होती म्हणून वाचलो," मुकुंद हेरंबला म्हणाला होता. आणखी एकदा फोनवर, "माझी बिनी म्हणजे कांचनच. तिच्याशिवाय मी उतरतच नाही." आपल्याविषयी नवरा मित्राजवळ असं बोलतो, हे तिने वर्षभर कुणालाही न सांगता जपून ठेवलं होतं.

नवरात्राच्या पहिल्या रविवारी ते फुटलं. मुकुंद खाली दही आणायला गेला होता. कांचन टेबल पुसत होती, हेरंब डबीवर झुकलेला.

"गेली कांचन," तो स्वतःशीच म्हणाला. "पण काम करून गेली."

"कोण गेली, भाऊजी?"

हेरंब सरळ मनाचा माणूस. त्याला वाटलं, वहिनींना माहीत आहे. त्याने डबी तिच्यापुढे धरली. पडद्यावर एक करड्या रंगाची, लांब तोंडाची, ओल्या डोळ्यांची चिचुंद्री आडवी पडली होती. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, कांचन.

"सगळ्या खेळात यापेक्षा दुबळा प्राणी नाही," हेरंब कौतुकाने सांगू लागला. "आम्ही आमचे प्राणी वाढवून शंभराव्या पायरीला नेतो. मुकुंदाने हिला पहिल्याच पायरीवर ठेवलीय. मुद्दाम. वाढली तर उपयोगाची नाही."

"आणि मग?"

"मग हिला सगळ्यांच्या आधी पुढे सोडायची. हिच्या गळ्यात एक पट्टा आहे, तो असला की पहिल्या फटक्यात मरत नाही. एक थेंब जीव राहतो. समोरचा राक्षस सगळा जोर लावून मारतो, ही तेवढ्या एका थेंबावर उभी. आणि मग हिचा डाव. बरोबरी. समोरच्याचा जीवही हिच्याइतकाच होतो, एक थेंब. पुढच्या फटक्याला ही मरते. मरू दे. मागून मुकुंदाचा ड्रॅगन येतो आणि नुसती फुंकर मारतो. डोकं आहे हो तुमच्या नवऱ्याला."

"नाव त्यांनीच दिलं?"

"मग कोण? वहीत बघा ना."

वही तिथेच होती. पहिल्या पानावर मुकुंदच्या सुबक अक्षरात सहा प्राण्यांची यादी होती. सगळ्यांत वर, 'बिनी: कांचन'.

"नको असेल तर बदलता येतं," तिचा चेहरा पाहून हेरंब घाईने म्हणाला. "खेळातल्या गावात एक म्हातारा बसलेला असतो. त्याच्याकडे गेलं की तो नाव बदलून देतो."

कांचनने फडकं मोरीत पिळलं. हात दोनदा साबणाने धुतले, तरी वास जाईना.

त्याच आठवड्यात मुकुंद स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. तो विनाकारण तिथे येत नसे. त्याने हळू आवाजात जे सांगितलं ते असं. जानेवारीत, उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, सोसायटीच्या गच्चीवर टाकीच्या नळाला दहा-बारा कापलेले पतंग अडकले होते. ते काढायला त्याने आबासाहेबांची तलवार नेली, आबासाहेब खाली झोपले असताना. बांबूला बांधून दोरा कापला. गाठ सुटली, तलवार तीन मजले खाली कंपाउंडच्या भिंतीवर पडली आणि टोकाकडचा चार बोटं तुकडा उडाला. त्याने तो तुकडा म्यानात टाकला, वर उरलेलं पातं खोचलं आणि तलवार कपाटात ठेवली. नऊ महिने. आता खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती. त्या दिवशी आबासाहेब तलवार म्यानातून काढून तेल लावत, पूजा करत.

"तू सांग, नवरात्राची साफसफाई करताना हातून निसटली," मुकुंद म्हणाला.

"माझी शाळा बंद होईल."

"महिनाभर. मग मी बोलतो त्यांच्याशी."

"तुम्ही?"

"म्हणजे, बघू ना. अगं, तुला ते किती बोलणार? दहा मिनिटं. मला या वयात घराबाहेर काढतील."

बोलताना तो परातीतली भिजवलेली कणीक बोटाने टोचत होता. नखात लाल तर्री होती. कांचनने परात ओढून घेतली, टोचलेला गोळा तोडला आणि बाजूला टाकला. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मुकुंदने त्याचा अर्थ नेहमीसारखा घेतला आणि शीळ घालत बाहेर गेला.

खंडेनवमीला सकाळी हॉलमध्ये पाट मांडला होता. झेंडूची फुलं, हळद-कुंकू, तेलाची वाटी. आबासाहेब सोवळं नेसून बसले होते. मुकुंद आतल्या दाराच्या पडद्यामागे होता. पडद्याखाली त्याची पावलं दिसत होती, अंगठे आत वळलेले.

कांचन पुढे गेली. "आबासाहेब, तलवार काढण्याआधी सांगायचंय. ती मोडली आहे."

"काय?" आवाज जितका मोठा व्हायला हवा तितका झाला. घराणं झालं, फौज झाली, रेल्वे क्वार्टरातल्या संस्कारांवरही दोन वाक्यं झाली. ती मान खाली न घालता उभी राहिली. दहा मिनिटांनी ते थांबले आणि नेहमीसारखे तिच्या खांद्यांकडे बघून म्हणाले, "हातून पडली असेल. साफसफाईत. होतं असं. आता शाळा पुरे, घर सांभाळ. जा, चहा टाक."

"माझ्या हातून पडली असं मी म्हटलं नाही. उत्तरायणला ह्यांनी पतंग काढायला नेली होती. हे पडद्यामागे उभे आहेत."

पडदा हलला नाही. आबासाहेबांनी तिकडे पाहिलं नाही. ते वातीला तेल लावत राहिले, आणि कांचनच्या लक्षात आलं की त्यांना आश्चर्य वाटलेलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"दर अमावास्येला मी कपाट पुसतो, सूनबाई. माघापासून म्यान खुळखुळतंय."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलणार? चौतीस वर्षांचा मुलगा. त्याला विचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं, मला ते ऐकावं लागलं असतं." त्यांनी वात समईत ठेवली. "तू येऊन तुझ्या हातून पडली म्हणाली असतीस, म्हणजे सगळं नीट मिटलं असतं. मी वाटच बघत होतो."

कांचन त्यांच्याकडे बघत राहिली. कपाळावरचं गंध, पांढऱ्या कल्लेदार मिशा, खांद्यावरचा जरीकाठी शेला. नऊ वर्षं ती ज्याला राक्षस समजून एका थेंबावर उभी राहिली होती, तोही पडद्यामागेच होता. दोघांनी मिळून तिला पुढे सोडलं होतं.

"पूजा करा," ती म्हणाली. "तुकडा म्यानातच आहे. आणि परवा शाळा आहे. मी जाणार आहे."

तिला अडवायचं तर आबासाहेबांना आधी मुकुंदला हाक मारावी लागली असती. त्यांनी म्यान उपडं केलं, तुकडा पाटावर खणकन पडला, आणि त्याला त्यांनी वेगळं कुंकू लावलं. चहा त्या दिवशी कोणी टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मुकुंद सकाळीच फाफडा-जिलेबीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. घरात थांबण्यापेक्षा त्याला रांग बरी वाटली असावी. डबी टेबलावर होती. कांचनने ती ओल्या फडक्याने आधी स्वच्छ पुसली. हेरंबने सांगितलेला म्हातारा शोधायला तिला अर्धा तास लागला. तो एका दुकानात खुर्चीवर बसला होता. त्याने विचारलं, कोणाचं नाव बदलायचं. तिने चिचुंद्री पुढे केली.

नव्या नावाची जागा रिकामी झाली. कांचनने एकेक अक्षर दाबत नवऱ्याचं नाव लिहिलं. एम, यू, के. तिथे थांबून तिने वरच्या चित्राकडे पाहिलं. लांब तोंड, ओले डोळे, गळ्यात पट्टा. पहिल्यांदाच तिला वास आला नाही.

ही निदान स्वतः पुढे जाऊन मार खात होती. तिने तिन्ही अक्षरं पुसली, जागा रिकामीच सोडली, आणि चिचुंद्रीला तिचं मूळ नाव, खेळाने दिलेलं, परत मिळालं.